गाणे त्यांचेच आहे : लूक २.२२–३८ वरील वचनवार भाष्य

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत चार गाणी आहेत : मरीयेचे, जखऱ्याचे, देवदूतांचे आणि शिमोनाचे. देवदूत बाजूला ठेवले तर गाणारी माणसे तीन उरतात, आणि त्यांतली दोन आयुष्याच्या उतरणीला लागलेली आहेत. जखऱ्या वयोवृद्ध होता हे लूक स्पष्ट सांगतो. शिमोनाचे सगळे गाणेच निरोपाचे आहे. मरीया तरुण खरी, पण तिचे गाणेही उमटले ते वयस्क अलीशिबेच्या घरात, तिने तोंडभरून स्वागत केल्यावर.

आपल्या मंडळ्यांचे तरुण संघ डिसेंबरात वृद्धाश्रमांत आणि शुश्रूषागृहांत नाताळगीते गायला जातात. मुलेमुली ओळीने उभी राहतात, समोर खुर्च्यांवर आणि चाकांच्या खुर्च्यांवर आजी-आजोबा आणून बसवलेले असतात. आपण गातो, ते ऐकतात. लूकने मांडणी उलटी केली आहे. त्याच्या मंदिरात वृद्ध गातात आणि तरुण आईबाप ऐकत उभे राहतात. हा उताऱ्याचा कणा आहे आणि पुढची सतरा वचने याच दृष्टीने वाचायची आहेत. वचने इथे उद्धृत केलेली नाहीत, आशय तेवढा सांगितला आहे. वाचकाने आपले पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवावे.

वचने २२ ते २४

लेवीयच्या बाराव्या अध्यायातला नियम असा : मुलगा झाला तर सात अधिक तेहेतीस, म्हणजे चाळीस दिवसांनी आईने शुद्धीकरणासाठी अर्पण घेऊन यावे. अर्पण एक कोकरू आणि एक पक्षी. कोकराची ऐपत नसेल तर दोन पक्षी चालतील. लूक फक्त पक्ष्यांचा उल्लेख करतो. कोकराचे नाव काढत नाही, गरिबीचेही नाव काढत नाही. नियम माहीत असलेल्या वाचकाला जोडप्याची परिस्थिती आपोआप कळते. दारिद्र्याविषयी इतक्या अदबीने लिहिणे फार थोड्यांना जमते.

वृद्धाश्रमाच्या भेटीत शाली, केक, फळांच्या पिशव्या वाटल्या जातात. द्याव्यात; गरज असते. पण शाल देतानाचा फोटो, मागे मंडळीच्या नावाचा फलक आणि घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा, हे लूकच्या अदबीत बसत नाही. फोटो टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वचन २५

इथे शिमोन येतो. आधी नाव, मग स्वभाव (नीतिमान आणि भक्तिमान), मग तो कशाची वाट पाहत होता ते, आणि मग पवित्र आत्म्याची सोबत. त्याचे वय लूक सांगत नाही. तो याजक होता असेही कुठे म्हटलेले नाही. पांढरी दाढी आणि वाकलेली पाठ चित्रकारांनी आणि परंपरेने दिली. पुढच्या वचनातल्या मृत्यूच्या उल्लेखावरून वय मोठे असावे हा तर्क योग्यच आहे, आणि पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर त्याला शेकडो वर्षांचा मानणारी आख्यायिका आहे. मूळ लेखनात मात्र ते काही नाही.

शुश्रूषागृहातल्या कागदांवर क्रम वेगळा असतो. खोली क्रमांक, वय, आजार, औषधे, पथ्य. तो कामाचा क्रम आहे आणि परिचारिकांना लागतोच. पण गायला गेलेल्यांनी लूकचा क्रम धरावा. नाव विचारावे, नावाने हाक मारावी. ‘आजोबा, तुम्ही कुठले? लहानपणी तुमच्या गावच्या चर्चमध्ये नाताळ कसा व्हायचा?’ एवढा एक प्रश्न पुरतो. शिमोन इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहत होता, असे लूक म्हणतो. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासून चालत आलेली ही आशा. म्हणजे त्याची वाट पाहणे नुसते स्वतःपुरते नव्हते. हा मुद्दा गाण्यात पुन्हा येईल.

वचन २६

ख्रिस्ताला पाहिल्यावाचून मरण येणार नाही, असे शिमोनाला कळवण्यात आले होते. मरणाचा विषय नाताळच्या कथेत असा थेट येतो. आपण मात्र वृद्धांसमोर तो विषय निघू नये म्हणून हरप्रयत्न करतो आणि शंभर वर्षे जगाल असे म्हणून मोकळे होतो. तिथे राहणाऱ्यांना शेजारची खाट कधी रिकामी झाली ते ठाऊक असते. गेल्या नाताळला आपल्याबरोबर कोण गात होते हेही आठवत असते. त्यांनी विषय काढला तर तो तोडू नये, एवढेच हे वचन मागते.

वचन २७

शिमोन आत्म्याच्या प्रेरणेने मंदिरात येतो आणि त्याच वेळी आईबाप बाळाला आत आणतात. भेटीला दोन्हीकडचे पाय लागले. पण ज्याला पाय टाकता येत नाहीत त्याचे काय? अंथरुणाला खिळलेल्याकडे मंदिरानेच जायला हवे. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाणाऱ्या पाळकांची आणि फादरांची रीत यातूनच आली आहे. नाताळगीत तर स्वभावानेच फिरते आहे. मध्ययुगीन युरोपात कॅरल हा फेर धरून नाचण्या-गाण्याचा प्रकार होता. तो वेदीपेक्षा अंगणात, रस्त्यात आणि घरांत वाढला. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली तीही डोंगरातल्या गुहेत, गावकऱ्यांच्या मशालींच्या उजेडात. आपल्याकडे वासुदेव जसा पहाटे गाणे घेऊन स्वतः दारी येतो, तशी ही गीते माणसाच्या दारी जाण्यासाठीच जन्मली. म्हणून शुश्रूषागृहात जाऊन गाणे ही चर्चमधल्या कार्यक्रमाची उरलीसुरली आवृत्ती समजू नये. गाणे तिथे आपल्या मूळ जागी असते.

वचन २८

सगळ्या उताऱ्यात मला हे वचन सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि भाष्यकार ते फार घाईने ओलांडतात. गाणे सुरू होण्याआधी शिमोन बाळाला हातांत घेतो. आधी स्पर्श, मग शब्द. पूर्वेकडच्या चर्चने त्याला पदवीच तशी दिली, देवाला हातांत घेणारा. आणि या प्रसंगाच्या सणाला त्यांनी नाव दिले ‘भेट’. विधी आईबापांनी आणला होता, पण भेट म्हाताऱ्या हातांत पूर्ण झाली.

रेम्ब्रांने हा विषय तरुणपणी, १६३१ साली रंगवला. ते चित्र हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे : उंच खांबांचे भव्य मंदिर, अंधार, मधोमध उजेडाचा झोत आणि त्यात माणसे लहान. ऑक्टोबर १६६९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या चित्रशाळेत शिमोनाचेच दुसरे चित्र अपुरे होते. आज ते स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात मंदिर उरलेले नाही, खांब नाहीत. एक वृद्ध चेहरा, जवळजवळ मिटलेले डोळे, पुढे केलेले ताठ हात आणि त्यांवर बाळ. अडतीस वर्षांत चित्रकाराने बाकीचे सगळे काढून टाकले आणि हात ठेवले. या वचनावर याहून नेमके भाष्य मी वाचलेले नाही.

२०२० च्या नाताळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक शुश्रूषागृहांची दारे पाहुण्यांना बंद होती. गाणारे बाहेर थंडीत उभे राहून खिडकीतून गात होते, आत माणसे काचेला हात लावून ऐकत होती. संसर्ग टाळायचा तर ते करणे भागच होते, आणि नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे होते. पण त्या एका वर्षाने दाखवून दिले की गाणे पोहोचले तरी भेट अपुरी राहू शकते.

आता ती सक्तीची काच नाही. तरीही आपण सभागृहाच्या एका टोकाला उभे राहून, मोठ्या आवाजाचे स्पीकर लावून, सहा-सात गीते म्हणून निघून येतो. ऐकू कमी येणाऱ्याला स्पीकरचा कल्लोळ त्रासच देतो. दोघा-तिघांच्या टोळ्या कराव्यात आणि खोल्यांत जावे. खुर्ची ओढून समोर बसावे, म्हणजे डोळे डोळ्यांच्या पातळीवर येतात. हात हातात घ्यावा, पण आधी विचारून. आणि गटात तान्हे मूल असेल, त्याची आई तयार असेल, दोघांची तब्येत ठीक असेल, तर ते जरूर बरोबर न्यावे. वर्षानुवर्षे ज्या मांडीवर कोणी बसलेले नाही, त्या मांडीला मूल काय असते हे मी शब्दांत सांगू शकत नाही. लूकने ते एका वचनात सांगितले आहे.

वचने २९ ते ३२

आता गाणे. चारच वचने.

पहिल्यात शिमोन स्वतःला दास आणि देवाला धनी म्हणतो आणि आता आपल्याला शांतीने मोकळे करावे अशी विनवणी करतो. पहाऱ्यावरच्या माणसाला पहाटे पाळी संपल्यावर मोकळीक मिळते, तसली ही भाषा आहे. यात जगण्याचा कंटाळा मुळीच नाही. काम पुरे झाले आणि शब्द पाळला गेला, याचे समाधान आहे. मंडळीने हे गाणे लवकरच आपल्या रात्रीच्या प्रार्थनेत घेतले. कॅथलिक परंपरेत ते दिवसाच्या अखेरच्या उपासनेत म्हटले जाते, १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने ते सायंप्रार्थनेत आणले, लूथरने १५२४ साली त्याचे जर्मन गीत केले. बाखने २ फेब्रुवारी १७२७ ला लाइपझिगमध्ये याच प्रसंगावरचा कॅन्टाटा पहिल्यांदा सादर केला. म्हणजे वीस वर्षांचा धर्मविद्यार्थीही झोपण्यापूर्वी रोज एका वृद्धाचे गाणे गातो. ख्रिस्ती उपासनेने वार्धक्याला दिलेला हा मान आपल्या मंडळ्यांतून क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

दुसऱ्यात तो डोळ्यांची साक्ष काढतो. आपल्याला तारण समजले किंवा पटले, असे तो म्हणत नाही. पाहिले, असे म्हणतो. त्याने पाहिले काय? चाळीस दिवसांचे एक मूल. अजून एकही चमत्कार झालेला नाही, एकही दृष्टान्त सांगितला गेलेला नाही. पूर्ण झालेले काहीच त्याच्या वाट्याला आले नाही आणि तरी त्याला पुरेसे मिळाले. वृद्धाश्रमातल्या माणसांना आपण पुढच्या वर्षाचे वायदे देत बसतो. शिमोनाला समोर जे होते तेवढे पुरले.

तिसऱ्या-चौथ्यात त्याची नजर हातातल्या बाळावरून सगळ्या लोकांकडे जाते : परराष्ट्रीयांसाठी प्रकाश, इस्राएलासाठी गौरव. हे यशयाचे ऐकलेले शब्द आहेत. लहानपणापासून कानांवर पडलेले शब्द उतारवयात त्याच्या तोंडून स्वतःचे होऊन बाहेर येतात. इथे थोडे थांबावे लागेल.

स्मृतिभ्रंश झालेल्या पुष्कळांच्या बाबतीत असे दिसते की मुलांची नावे विसरली जातात, पण तरुणपणी पाठ झालेले गीत सुरू केले की ओठ हलू लागतात, पुढचा चरण येतो. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘म्युझिकोफिलिया’ या २००७ च्या पुस्तकात याविषयी लिहिले आहे. २०१५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवले की फार दिवसांच्या ओळखीचे संगीत मेंदूच्या ज्या भागांशी निगडित आहे, ते भाग अल्झायमरमध्ये इतरांच्या तुलनेने उशिरा झिजतात. याने आजार बरा होत नाही. तसे कोणाला सांगूही नये. पण कोणती गीते निवडावीत हे यावरून ठरते. गटाला आवडणारी, यंदाच बसवलेली नवी गीते इथे उपयोगी नाहीत. समोरच्या माणसाला दहाव्या-बाराव्या वर्षी जी पाठ झाली, ती हवीत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ती पुष्कळदा इंग्रजी कॅरल नसतातच. अहिल्यानगर, जालना, सोलापूर इकडच्या मंडळ्यांत वाढलेल्या आजीला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने येतात. ‘उपासना संगीत’ तिने पेटी आणि टाळांवर शिकलेले असते. वसईच्या आजीचे गाणे वेगळे, गोव्याच्या आजीचे कोंकणी. लाल टोप्या घालून इंग्रजी गीते म्हणणाऱ्या मुलांकडे या आजी कौतुकाने पाहतात, पण गात नाहीत. एखाद्याने टिळकांचे भजन धरावे आणि मग पाहावे.

सर्व लोकांसाठी प्रकाश, या शब्दांतून एक जबाबदारीही येते. इथल्या वृद्धाश्रमांत बहुसंख्य रहिवासी ख्रिस्ती नसतात. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत यहुदी, हिंदू, कोणताच धर्म न मानणारे असे सगळे असतात. जे उठून निघून जाऊ शकत नाहीत त्यांच्यासमोर गाताना विचारणे हे पहिले कर्तव्य आहे. नको म्हणणाऱ्याचे दार हळूच लावून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला प्रवचनाचा श्रोता करणे मला मान्य नाही. प्रकाश दाखवायचा असतो, कोणाच्या डोळ्यांत घालायचा नसतो. आणि एखाद्या आजोबांना आपल्या गाण्यानंतर तुकोबांचा अभंग म्हणावासा वाटला, तर संपूर्ण ऐकून घ्यावा. टिळकांनीच आपल्याला ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने जायला शिकवले आहे.

वचन ३३

शिमोनाचे बोलणे ऐकून आईबापांना आश्चर्य वाटले. गाणाऱ्या गटाने भेटीतला निम्मा वेळ अशा ऐकण्यासाठी राखून ठेवावा.

वचने ३४ व ३५

शिमोन त्यांना आशीर्वाद देतो. आशीर्वाद वृद्धाकडून तरुणांकडे जातो. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही वडीलधारे डोक्यावर हात ठेवतात, ती हीच दिशा. निघण्यापूर्वी गटाने आशीर्वाद मागावा. ज्याच्याकडे आता देण्यासारखे काहीच उरले नाही असे सगळे धरून चालतात, त्याच्याकडून मागावा.

पण त्यापाठोपाठ कठोर शब्द येतात. हे मूल अनेकांच्या पडण्या-उठण्याला कारण होईल, त्याला विरोध होईल आणि आईच्या जिवातून तलवार जाईल. मंदिरात, आनंदाच्या दिवशी, बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या मुलीला कोणी असे सांगते का? लूकचा शिमोन सांगतो, कारण त्याला नुसते सुख देऊन तिला घरी पाठवायचे नाही. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री कॅरलने ही बाजू जपली. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांच्या आयांची ती अंगाई आहे. नाताळगीतांच्या परंपरेत शोकाला जागा आहे.

शुश्रूषागृहात नाताळचा दिवस अनेकांना जड जातो. घरची आठवण त्याच दिवशी जास्त येते. मुलगा परदेशात, नवरा गेलेला, घर विकलेले. गीत ऐकता ऐकता एखादी आजी रडू लागली की गटातली मुले घाबरतात आणि घाईने उडत्या चालीचे काहीतरी सुरू करतात. तसे करू नये. गीत पूर्ण करावे, जवळ बसावे. रडणे म्हणजे कार्यक्रम फसला असे नव्हे. तलवारीविषयी बोलणाऱ्याला लूकने आनंदाच्या कथेतून वगळले नाही, हे लक्षात असू द्यावे.

वचने ३६ व ३७

आता हन्ना. तिची ओळख शिमोनापेक्षा सविस्तर आहे : संदेष्ट्री, फनूएलाची मुलगी, आशेर वंशातली, सात वर्षांचा संसार, मग वैधव्य. आशेर हा उत्तरेकडच्या विखुरलेल्या वंशांपैकी. वयाच्या बाबतीत ग्रीक वाक्याचे दोन अर्थ होतात. एका अर्थाने ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. दुसऱ्या अर्थाने विधवा होऊनच तिला चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती. मग लग्नाचे वय आणि संसाराची वर्षे धरता ती शंभरी ओलांडते. यहुदीथच्या ग्रंथातली विधवा नायिका एकशे पाच वर्षे जगली, त्या गणिताशी हा दुसरा अर्थ छान जुळतो, म्हणून काही अभ्यासक तो धरतात. पहिला अर्थ सरळ आहे आणि मला तोच बरोबर वाटतो.

ती मंदिर सोडत नसे. रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना. निष्क्रिय वाटणारे हे आयुष्य लूक सेवा म्हणून मोजतो. खोलीत पडून प्रार्थना करणाऱ्या वृद्धेला मंडळीच्या अहवालात जागा नसते. लूकने दिली आहे.

हे वचन मराठीत आणणाऱ्यांमध्ये स्वतः तरुणपणी विधवा झालेली एक बाई आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानणाऱ्या समाजात राहून, मंदिरात मानाने उभ्या असलेल्या या विधवेची ओळ लिहिताना रमाबाईंच्या मनात काय आले असेल! मुक्तीत वृद्ध आणि दुबळ्या स्त्रियांसाठीही घर होते. त्याचे नाव प्रीतिसदन.

वचन ३८

त्याच घटकेला हन्ना पुढे येते, देवाचे आभार मानते आणि यरुशलेमेच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सर्वांना बाळाविषयी सांगू लागते. शिमोन दोघांशी बोलला. हिने सर्वांना सांगितले. तरीही शिमोनाचे गाणे शब्दशः नोंदले गेले आणि हन्नाचा एकही शब्द आपल्यापर्यंत आला नाही. तिला संदेष्ट्री म्हटले आहे आणि संदेश हरवला आहे. याची मला फार खंत वाटते. लूक स्त्रियांविषयी आस्थेने लिहिणारा, मरीयेचे गाणे त्यानेच जपले. हन्नाचे शब्द त्याला मिळालेच नसावेत. ती बोलली तेव्हा कोणी लिहून घेतले नाही.

हे आजही चालू आहे. वसईच्या सामवेदी बोलीतली, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतली जुनी गाणी बरीचशी वयस्क बायकांच्या कंठात आहेत. घाटावरच्या मंडळ्यांत एकेका भजनाच्या गावोगावच्या वेगळ्या चाली होत्या. पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. ती चाल येणारी बाई कुठल्यातरी आश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसलेली असेल. गायला गेलेल्या प्रत्येक मुलाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन असतो. तिची आणि आश्रमाची परवानगी घेऊन तो तिच्यासमोर ठेवावा आणि म्हणावे, ‘आजी, आता तुम्ही म्हणा, आम्ही साथ करतो.’

उताऱ्यानंतर आईबाप नासरेथला परततात. शिमोन आणि हन्ना यांचे नाव लूक पुन्हा घेत नाही. प्रसंगाचा सण मात्र टिकला. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमेला गेलेल्या इजेरिया या यात्रेकरू स्त्रीने तिथे चाळिसाव्या दिवशी थाटाने होणाऱ्या उपासनेचे वर्णन केले आहे. २५ डिसेंबरपासून चाळिसावा दिवस २ फेब्रुवारीला येतो. पोप फ्रान्सिस यांनी आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिवस जाहीर केला तोही २०२१ मध्ये या सणाच्या तोंडावर, शिमोन आणि हन्ना यांचे नाव घेऊन.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकाच वृद्धाश्रमात दिवसाला दोन-तीन गट येतात आणि जानेवारीत कोणीही फिरकत नाही. तरुण संघांच्या सचिवांना माझी विनंती आहे : यंदाच्या नाताळच्या यादीतली निदान एक भेट २ फेब्रुवारीला न्या, आणि त्या दिवशी काय गायचे ते तिथल्या आजी-आजोबांना आधी विचारा.